काउंटीतला घटस्फोट, पुण्यातली नोंदणी

प्रश्न : २०१५ साली कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीत माझा घटस्फोट झाला. आता पुण्यात पुन्हा लग्न करायचंय. कोर्टाच्या संकेतस्थळावर नुसत्या तारखांची यादी दिसते, निकाल सापडत नाही. काय करू?

उत्तर : ती यादी म्हणजे खटल्याची नोंदवही. तिथे कौटुंबिक खटल्यांची मूळ कागदपत्रं सर्वसामान्यांना ऑनलाइन उघडता येत नाहीत. खटला क्रमांक टिपून घ्या आणि काउंटीच्या सुपीरियर कोर्टाकडे ‘एफएल-१८०’ या निकालपत्राची प्रमाणित प्रत मागा. ‘एफएल-१९०’ ही निकाल नोंदवल्याची नुसती सूचना असते. तेवढ्यावर भागवू नका. निकालपत्रात विवाह संपुष्टात आल्याची तारीख वेगळी दिलेली असते, तीच धरायची. प्रतीवर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल घ्या.

खरी मेख मात्र पुढेच आहे. अपोस्टिलने सही-शिक्का खरा ठरतो, निकाल भारतात ग्राह्य आहे असं नव्हे. तिकडे बहुतेक घटस्फोट ‘न मिटणारे मतभेद’ या कारणावर होतात, आणि हिंदू विवाह कायद्यात ते कारणच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या नरसिंह राव निकालानुसार, दुसऱ्या पक्षाने स्वेच्छेने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य करून निकालाला संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून दोघांच्या सह्यांचा तडजोडनामा असल्यास त्याचीही प्रमाणित प्रत मागवा. निकाल एकतर्फी असेल, तर पत्रिका छापण्याआधी इथल्या वकिलांना गाठा.