आठशे शहाण्णवची बेरीज

संगणक शिकणाऱ्या विद्यार्थिनीने लेख लिहायचा म्हटला की त्यात यंत्रमानव, अंतराळयान, निदान कृत्रिम बुद्धिमत्ता तरी असणार, अशी आपली अपेक्षा असते. या लेखात त्यातले काहीच नाही. आपल्या नियतकालिकाच्या मराठी आणि कन्नड विभागांमध्ये जे एक कोरे पान असते, ते ओलांडायचा मी सुट्टीत एक छोटासा उद्योग केला. त्यात काय चुकले आणि त्यातून काय शिकले, तेवढेच सांगायचे आहे.

उद्योगाचे कारण माझी अज्जी. अज्जी म्हणजे आईची आई. तिचे माहेर आणि सासर दोन्ही बैलहोंगलच्या बाजूचे. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. आजोबा गेल्यावर ती शहापुरात आमच्याकडे आली, त्याला आता पंचवीस वर्षे होतील. इथे ती मराठी शिकली ती कानाने. शेजारच्या काकूंशी गप्पा मारून, देवळातल्या हरिपाठाला बसून आणि वेळप्रसंगी नळावर भांडून! देवनागरी वाचायला मात्र ती शिकली नाही. कधी गरजच पडली नाही.

गेल्या दोन वर्षांत तिचे कान गेले. यंत्र आणले, पण ते कानात शिट्टी वाजवते म्हणून डब्यात पडून आहे. आई पाटीवर कानडीत लिहून दाखवते, त्यावर घरातले भागते. काकूंना कानडी लिहिता येत नाही. त्या मराठीत ओरडत, अज्जी हसून मान हलवी, आणि काही कळलेले नाही हे दोघींनाही कळे. हळूहळू काकूंचे येणे कमी झाले. कानाने आलेली भाषा कानाबरोबरच निघाली होती.

काकूंना मोबाइलवर मराठी लिहिता येते. ते मराठी कानडी अक्षरांत उमटले तर? भाषांतर नको, भाषा मराठीच राहू दे, फक्त अक्षरे बदलायची. एवढे काम संगणकाला जमायला हवे, असे मला वाटले.

अक्षराला क्रमांक

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. इंग्रजी मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५. हा तक्ता १९६३ साली अमेरिकेत ठरला आणि त्यात एकंदर १२८ जागा होत्या. त्यांत आपल्या लिप्यांना जागा कुठली? म्हणून आपल्याकडे बरीच वर्षे एक पळवाट चालली. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, पण फाँटमध्ये त्या क्रमांकाचे चित्र मराठी अक्षराचे काढायचे. छापून येईपर्यंत सगळे ठीक दिसते. छापखान्यात अशा फाँटमध्ये टाइप केलेला हरिपाठ मला एका ओळखीच्यांकडून मिळाला. मोठ्या हौसेने फाइल उघडली, तर समोर कंस, टक्क्याच्या खुणा आणि इंग्रजी अक्षरे यांची खिचडी! तो फाँट माझ्या संगणकावर नव्हता. मुखवटा काढल्यावर आत विठ्ठल नव्हताच.

यावर खरा उपाय दोन टप्प्यांत झाला. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचा प्रमाण तक्ता प्रसिद्ध केला. त्यामागचा विचार मोठा सुंदर आहे. देवनागरी, कन्नड, तेलुगू, बंगाली या सगळ्या लिप्या ब्राह्मीच्या लेकी. रूपे वेगळी, पण क, ख, ग हा क्रम सर्वांचा एकच. म्हणून सर्वांना मिळून एकच तक्ता पुरतो. लिपी बदलली तरी क चे घर तेच. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांना सामावणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिने प्रत्येक भारतीय लिपीला स्वतंत्र १२८ जागांची गल्ली दिली, पण गल्लीतल्या घरांचा क्रम ‘इस्की’च्या आधीच्या मसुद्यावरून जसाच्या तसा घेतला. देवनागरीची गल्ली २३०४ पासून सुरू होते, कन्नडची ३२०० पासून.

आता वजाबाकी करून पाहा. देवनागरी अ २३०९, कन्नड अ ३२०५. देवनागरी क २३२५, कन्नड क ३२२१. देवनागरी ळ २३५५, कन्नड ळ ३२५१. फरक प्रत्येक वेळी ८९६! हे कागदावर मांडून पाहिले त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेत ज्या दोन लिप्या आम्ही वेगवेगळ्या वह्यांत गिरवल्या, त्या एका बेरजेच्या अंतरावर उभ्या होत्या.

पहिला प्रयोग

पायथन भाषेत अक्षराचा क्रमांक सांगणारे एक फंक्शन आहे आणि क्रमांकाचे अक्षर करून देणारे दुसरे. एकाकडून क्रमांक घ्यायचा, त्यात ८९६ मिळवायचे, दुसऱ्याच्या हवाली करायचे. सगळा प्रोग्रॅम चार ओळींचा. तरी तो चालायला दोन रात्री गेल्या. पहिल्या रात्री एका ओळीच्या शेवटी द्यायचे अपूर्णविरामाचे चिन्ह राहिले होते. दुसऱ्या रात्री ते सापडले आणि वीज गेली; फाइल जतन केलेली नव्हती. मध्यरात्री आई उठून आली. “काय करायलीस गं अंधारात?” म्हणाली. मी सांगितले, “बेरीज.” ती काही न बोलता मेणबत्ती ठेवून गेली.

तिसऱ्या रात्री प्रोग्रॅम चालला. कानडी अक्षरे उमटली, पण दर दोन शब्दांमध्ये कमानीसारखे एक परके चिन्ह. हे काय भूत? मग उलगडा झाला. मी शब्दांमधल्या मोकळ्या जागेतही ८९६ मिळवत होते. मोकळ्या जागेचा क्रमांक ३२; त्यात ८९६ मिळवले की ९२८, आणि ९२८ हे ग्रीक लिपीतले मोठे ‘पाय’! पूर्णविरामाचेही ग्रीक अक्षर झाले होते. शहापुरातून निघालेले वाक्य थेट अथेन्सला पोचले. इलाज सोपा होता: क्रमांक २३०४ ते २४३१ यांच्या दरम्यान असेल तरच बेरीज करायची.

एका वाक्यातले तीन खड्डे

काकूंनी परीक्षेसाठी वाक्य पाठवले ते असे: “डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या, ॲसिडिटी कमी आहे.” साधे घरगुती वाक्य, पण त्यात तीन खड्डे निघाले.

पहिला ‘डॉ’ मध्ये. ‘ऑ’ची चंद्रकोर असलेली मात्रा मराठीने इंग्रजी शब्दांसाठी घेतली. कन्नडच्या गल्लीत त्या क्रमांकाचे घर रिकामे आहे. त्यामुळे डॉक्टरांच्या जागी चौकोनी खोका आला.

दुसरा ‘दुसऱ्या’ मध्ये. आपल्या या अर्ध्या र चा क्रमांक नेहमीच्या र चा नसून शेजारच्या ऱ चा असतो. कन्नडमध्ये त्या घरात अक्षर आहे, पण ते जुन्या कन्नडमधले, आता वापरातून गेलेले. अज्जीने चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि हे अक्षर आपल्या मास्तरांनी शिकवलेच नव्हते, असे ठामपणे सांगितले.

तिसरा ‘ॲ’ मध्ये. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याला गल्लीच्या टोकाची जागा मिळाली. कन्नडच्या गल्लीत त्याच ठिकाणी उपध्मानीय, म्हणजे प, फ यांच्या आधी येणाऱ्या विसर्गाची खूण राहते. काकूंच्या ॲसिडिटीचा असा संस्कृत व्याकरणात प्रवेश झाला.

मग मी बेरजेच्या आधी करायच्या बदलांची एक यादी केली. त्यासाठी पुस्तक लागले नाही, बाजारात हिंडले. कानडी पाट्यांवर ‘डॉक्टर’चे ‘डाक्टर’ असते, ‘बँक’चे ‘ब्यांक’. लोकांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता, मी तो उतरवून घेतला. अर्ध्या ऱ ऐवजी साधा र ठेवला. शब्दारंभीच्या ‘ॲ’चा ‘अ’ केला.

‘घर’ आणि ‘घरऽ’

आता वाक्ये दिसायला शुद्ध झाली, पण अज्जी मोठ्याने वाचू लागली तेव्हा कळले की काम निम्मेच झाले आहे. ‘घर’ हा शब्द ती ‘घरऽ’ असा वाचत होती. मराठीत शेवटच्या र मधला अ आपण उच्चारत नाही. कन्नडमध्ये लिहिलेला अ उच्चारतात, नको असेल तर पाय मोडून लिहितात. म्हणून नवा नियम केला: शब्दाच्या शेवटी नुसते व्यंजन आले तर त्याचा पाय मोडावा. नियम लावताच ‘शब्द’ आणि ‘पत्र’ बिघडले, कारण जोडाक्षरानंतरचा अ आपण थोडा उच्चारतोच. ‘व’, ‘न’ असे एकाक्षरी शब्दही लंगडे झाले. त्यांना अपवाद केले. ‘बोलणे’ मधल्या ल चे काय करावे, हे मात्र मला नियमात बसवता आले नाही.

‘ए’ आणि ‘ओ’ची गोष्ट निराळी. कन्नडमध्ये त्यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकार, मराठीत एकच, आणि बेरजेने तो दीर्घाच्या घरात पडतो. ‘केलेले’ हा शब्द अज्जीच्या तोंडून ‘केऽलेऽलेऽ’ असा निघाला. च आणि ज यांचे तर आपणच दोन उच्चार करतो आणि लिहितो एक; ‘चमचा’तला च ‘चिमटा’तल्यासारखा नाही, हे यंत्राला कोणी सांगावे?

पण इथेच मला या उद्योगातली सर्वांत मोठी गोष्ट समजली. अज्जी पहिल्यांदा ‘केऽलेऽलेऽ’ वाचे, क्षणभर थांबे, आणि मग स्वतःशीच हसून बरोबर म्हणे. ‘बोलणे’ तर तिने एकदाही चुकीचे वाचले नाही. पंचवीस वर्षे कानात साठलेले मराठी आत शाबूत होते. प्रोग्रॅमने फक्त दाराशी अक्षरे नेऊन ठेवायची. आतून कडी काढायला ती होती. जे नियमात बसत नव्हते ते मी त्या दिवसापासून तिच्यावर सोडले.

अशी लिपी बदलणारी साधने तयार मिळतात, हे मला नंतर कळले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण तयार साधन घेतले असते, तर आपण कोणती अक्षरे लिहितो आणि कोणती नुसती गृहीत धरतो, याचा पत्ता मला कधी लागला नसता. माझ्या मित्रमैत्रिणींना माझे एवढेच सांगणे आहे, की सुट्टीत करायचा प्रोग्रॅम घरातल्या एका माणसासाठी करा. चूक दाखवायला ते माणूस समोरच बसलेले असते, आणि ते गुण देत नाही.

श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी लेख शेजारी शेजारी कोरलेले आहेत. लहानपणी सहलीत ते पाहिले तेव्हा त्यात विशेष काही वाटले नव्हते. आता वाटते.

गेल्या महिन्यात अज्जीने स्वतः उत्तर लिहायचे ठरवले. भाषा मराठी, अक्षरे कानडी. या खेपेला ८९६ वजा करायचे होते. वाक्य होते, “संध्याकाळी चहाला ये.” तिने शेवटचा ‘ये’ ऱ्हस्व लिहिला होता. देवनागरीच्या गल्लीत त्या ऱ्हस्व मात्रेचेही घर आहे, पण मराठीत ती कोणी वापरत नाही. त्यामुळे काकूंच्या मोबाइलवर ‘ये’च्या डोक्यावर एक अनोळखी वाकडी मात्रा उमटली.

काकू मोबाइल घेऊन आमच्या दारात आल्या. “हे वर वाकडं काय आलंय गं?” मी दुरुस्त करते म्हटले.

“असू दे,” त्या म्हणाल्या, आणि आत अज्जीजवळ जाऊन बसल्या.

— बी. सी. ए., तृतीय वर्ष