डिपरच्या रेषेवरचा अंधार

धानोऱ्याहून मुरूमगावकडे जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ९३० आहे. तरी गावं मागे पडली की रात्री तिथे गाडीच्या दिव्याखेरीज दुसरा उजेड नसतो. मोहाच्या हंगामात पहाट फुटायच्या आधीच टोपल्या घेतलेली माणसं कडेने चालत असतात, पावसाळ्यात गुरं डांबरावर येऊन बसतात, आणि २०२१ साली छत्तीसगडच्या हद्दीतून हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरल्यापासून ड्रायव्हर लोकांना आणखी एक काळजी लागली आहे.

याच रस्त्यावर एका रात्री प्रस्तुत लेखक एका जुन्या काळी-पिवळी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला होता. जीपवाल्या भाऊंनी नुकतेच हॅलोजन बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये एलईडी बल्ब बसवून घेतले होते. उजेड पांढराशुभ्र, त्यामुळे भाऊ खूश. समोरून ट्रक आला. त्याने डिपर मारला, पुन्हा मारला. मग डोळे दिपून तो रस्त्याच्या मधोमध येऊ लागला आणि जीपची डावी चाकं मुरमावर उतरवावी लागली. कोणाला लागलं नाही. ट्रकवाल्याने थांबून जे सुनावलं ते छापण्याजोगं नाही. भाऊ मात्र एकच सांगत होते, "डिपरवरच होतो ना बाप्पा!"

ते खरंच होतं. जीपमध्ये असतो तो एच-४ जातीचा बल्ब. त्यात अप्परची एक आणि डिपरची एक अशा दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून परावर्तकाचा वरचा भागच उजळतो आणि झोत रस्त्यावर पडतो. परावर्तकाचा प्रत्येक बाक त्या तारेची जागा धरून काढलेला असतो. एलईडीची चिप चपटी, आकाराने वेगळी आणि बहुधा दोन बाजूंनी प्रकाश फेकणारी. ती त्या जागेपासून किंचित जरी सरकली तरी उजेड वाट्टेल तिकडे फाकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ म्हणतो की, ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिव्याने दिपवता कामा नये. भाऊंचा दिवा डिपरवर असूनही त्या नियमात बसत नव्हता.

कारखान्यातूनच बसून येणारा एलईडी प्रोजेक्टर ही मात्र निराळी वस्तू आहे. त्यात चिप, परावर्तक, उजेड कापणारी पट्टी, भिंग आणि उष्णता ओढणारे धातूचे पंख एकमेकांसाठीच आखलेले असतात. एच-४ चा डिपर ५५ वॅट खाऊन सुमारे १००० ल्युमेन देतो. एलईडी निम्म्याच्या आसपास विजेत तेवढं काम सहज करते, आणि तारेसारखी अचानक तुटत नाही. २००७ च्या लेक्ससमध्ये एलईडीचा डिपर पहिल्यांदा रस्त्यावर आला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने ३१ मध्यम आकाराच्या गाड्यांचे दिवे तपासले. त्यात 'चांगला' शेरा एकाच गाडीला मिळाला, टोयोटा प्रियस व्ही, तीही एलईडी घेतली तरच. सरळ रस्त्यावर तिच्या डिपरमध्ये सुमारे ११८ मीटरपर्यंत दिसत होतं. बीएमडब्ल्यू ३ सीरिजच्या हॅलोजन डिपरमध्ये जेमतेम ३९ मीटर. ताशी ६० च्या वेगात कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला साधारण ४५ मीटर लागतात, हे शेजारी मांडलं की ३९ चा अर्थ कळतो. त्याच तपासणीत महागड्या दिव्यांच्या बऱ्याच गाड्याही मागे पडल्या, हेही विसरायला नको.

आता जंगलातली अडचण. प्रोजेक्टरचा डिपर एका रेषेवर कापल्यासारखा संपतो. रेषेखाली दिवस, वर काळोख. साध्या परावर्तकातून थोडा उजेड वर सांडतो. इथे तोही नाही. हत्ती समोर असला तर दिसतात त्याचे पाय, आणि रस्त्याला लागून साग असेल तर ते बुंध्यांतच खपून जातात. चितळाचे डोळे झोतात चमकतात, रानडुकराचे चमकत नाहीत, कारण त्याच्या डोळ्यात तो परावर्तक पडदाच नाही. म्हणून समोर वाहन नसेल तर इथे अप्परच हवा, आणि डिपरवर आल्याबरोबर वेग उतरायला हवा. खड्ड्यांत ती रेषा वर-खाली नाचते आणि समोरच्याला आपण मुद्दाम डिपर मारतोय असं वाटतं, हा आणखी एक ताप.

दुरुस्तीच्या बाबतीत बल्ब जिंकतो. तो दोनेकशे रुपयांत स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो आणि भर रस्त्यात, टॉर्चच्या उजेडात बदलता येतो. एलईडीची चिप गेली किंवा आत पाणी शिरलं तर बहुतेक गाड्यांत अख्खा दिवाच बदलावा लागतो, हजारोंच्या हिशोबाने, आणि पार्ट नागपूरहून येईस्तोवर एका डोळ्याने गाडी चालवायची!

जुन्या गाडीचा उजेड वाढवायचा असेल तर एलईडी बल्बच्या आधी वायरिंग बघावं. हॅलोजनला व्होल्ट दहा टक्के कमी मिळाले की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. जाड वायर आणि रिले टाकले की तोच बल्ब बोलू लागतो. पिवळी पडलेली काच घासून घ्यावी. १०० वॅटचे बल्ब मात्र टाळावेत, त्यांनी होल्डर वितळतात. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून डिपरची रेषा दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली आणावी. मागे माणसं-पोती भरली की गाडीचं नाक वर होतं आणि झोतही. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं बटण असतं. ते शून्यावरच गंजून गेलेलं असतं ही गोष्ट वेगळी.

नवी गाडी घेणाऱ्याने टेस्ट ड्राइव्ह दुपारी घेऊ नये. रात्री, खांब नसलेल्या रस्त्यावर, डिपर लावून पाहावी. आणि सही करण्याआधी एका बाजूच्या अख्ख्या दिव्याची किंमत व तो यायला लागणारे दिवस कागदावर लिहून मागावेत.