सॉसेज शिजवावे कसे?

सेनगाव-पुसेगाव परिसरात मांसाहार म्हटला की मटणाचा रस्सा, सुके मटण, कोंबडी आणि कधीमधी खिमा एवढाच बेत आजवर ठरलेला असे. आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी मोठ्या शहरांत गेलेली मुले सुट्टीला येताना सॉसेजची पाकिटे घेऊन येतात. त्यांत कधी कोंबडीचे साधे सॉसेज असते, कधी गोव्याचे चोरीस, तर कधी जर्मन पद्धतीचे 'ब्राटवुर्स्ट'. मग स्वयंपाकघरात प्रश्न पडतो की हे तळायचे, उकडायचे की निखाऱ्यावर भाजायचे? हा प्रश्न चवीचा तर आहेच, पण त्याहून अधिक आरोग्याचा आहे. म्हणून या आठवड्यात त्याचा विचार करू.

अख्खे मांस आणि खिमा यांतील फरक

सॉसेज म्हणजे मीठ-मसाला घालून आतड्याच्या किंवा कृत्रिम आवरणात भरलेला खिमा. निरोगी जनावराच्या मांसाच्या तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात. सुरी, पाट, हात, माश्या यांतून ते तेथे येतात. त्या तुकड्याचा खिमा केला की बाहेरची बाजू आत जाते आणि जंतू मध्यापर्यंत पसरतात. म्हणून खिम्याच्या कोणत्याही पदार्थाला मध्यभागापर्यंत पुरेशी उष्णता पोचणे आवश्यक असते.

आपला रस्सा तासभर रटरटतो किंवा कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या घेतो. त्यामुळे 'आतून शिजले का?' ही चिंता आपल्या आजी-आईला फारशी करावी लागली नाही. सॉसेजचे तसे नाही. तव्यावर पाच मिनिटांत ते बाहेरून लालसर, खमंग दिसते आणि आत मात्र कच्चे राहू शकते. अमेरिकेत १९९३ साली नीट न शिजलेल्या खिम्याच्या टिक्क्या खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. कारण एकच, मध्यभाग पुरेसा तापला नव्हता.

शास्त्रीय मोजमाप असे आहे : मटण किंवा डुकराच्या खिम्याचा मध्यभाग ७१ अंश सेल्सिअस आणि कोंबडीच्या खिम्याचा ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. सळईसारखे टोक असलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळतो. तो सॉसेजच्या टोकाकडून लांबीच्या दिशेने मध्यापर्यंत खुपसून पाहावा. तो नसल्यास एक सॉसेज मधोमध कापावे. आतला भाग घट्ट झालेला असावा, गुलाबी ओलसरपणा नसावा, निघणारा रस स्वच्छ असावा. केवळ रंगावर मात्र पूर्ण विसंबू नये. वेळही पाळावी.

आधी प्रकार ओळखा

पहिला प्रकार कच्च्या सॉसेजचा. जर्मनीचे ब्राटवुर्स्ट बहुधा याच प्रकारचे असते. त्या देशाच्या थुरिंगिया भागात आर्नश्टाट गावच्या एका मठाच्या १४०४ सालच्या हिशेबात ब्राटवुर्स्टसाठी आतडी घेतल्याची नोंद आहे, इतका हा पदार्थ जुना. तेथे त्यात मिरी, शहाजिरे आणि मरवा घालतात. आपण गजऱ्यात ओवतो तोच हा मरवा!

दुसरा प्रकार कारखान्यात शिजवून गोठवलेल्या सॉसेजचा. कोंबडीच्या सॉसेजची पाकिटे बहुधा अशी असतात. पाकिटावर शिजवलेले की कच्चे हे लिहिलेले असते, ते घरातल्या वाचणाऱ्याकडून नीट वाचून घ्यावे. शिजवलेले असले तरी वाफ निघेपर्यंत गरम करूनच खावे.

तिसरा प्रकार खारवून, मुरवून, वाळवून टिकवलेल्या सॉसेजचा. गोव्याचे चोरीस हे याचे जवळचे उदाहरण. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, लाल मिरची, मसाला आणि माडाच्या ताडीचा शिरका यांत मुरवून आतड्यात भरतात, माळेसारखे बांधून उन्हात आणि धुरावर वाळवतात. पावसाळ्यासाठीची ही बेगमी, आपल्या उन्हाळी वाळवणासारखीच. मराठवाड्यातही पूर्वी मांसाच्या लांब पट्ट्या कडक उन्हात वाळवून 'चान्या' करून ठेवत. तत्त्व एकच : मीठ आणि ऊन मांसातले पाणी कमी करतात आणि पाण्यावाचून जंतूंची वाढ खुंटते. वाढ खुंटली म्हणजे जंतू मेले असे नव्हे. म्हणून चोरीस वाळलेले असले तरी ते शिजवूनच खायचे असते.

शिजवण्याच्या पद्धती

१) पाण्यात शिजवून मग परतणे : कच्च्या सॉसेजसाठी ही सर्वांत भरवशाची पद्धत होय. पातेल्यात सॉसेज बुडतील एवढे पाणी घेऊन गरम करावे. तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की सॉसेज सोडावीत आणि आच मंद ठेवावी. खळखळून उकळू देऊ नये, कारण आवरण फुटते आणि रस व चरबी पाण्यात जाते. दोन बोटे जाडीच्या सॉसेजला १५ ते २० मिनिटे लागतात. नंतर पुसून कोरडे करून तव्यावर चमचाभर तेलात दोन-तीन मिनिटे परतावे. आतून शिजल्याची खात्री आणि बाहेरून खमंगपणा, दोन्ही साधते.

२) तव्यावर झाकून : जाड बुडाचा तवा किंवा कढई घ्यावी. मंद आचेवर थोड्या तेलात सॉसेज ठेवून तीन-चार चमचे पाणी शिंपडावे आणि झाकण ठेवावे. दर दोन-तीन मिनिटांनी फिरवत १५ ते २० मिनिटे शिजवावे. शेवटी झाकण काढून पाणी आटवावे. मोठ्या आचेवर घाई केल्यास बाहेर करपते आणि आत कच्चे राहते. काट्याने टोचूही नये, रस निघून जातो आणि सॉसेज कोरडे होते.

३) निखाऱ्यावर : थुरिंगियात हीच पद्धत मानाची. ज्वाळा शमून निखाऱ्यावर राखेचा पांढरट थर आला की मगच जाळी ठेवावी. चरबी ज्वाळेवर ठिबकली की काळा धूर उठतो आणि त्या धुरातील अपायकारक द्रव्ये मांसावर बसतात. म्हणून सॉसेज आधी पाण्यात शिजवून घ्यावे आणि शेवटची पाच-सात मिनिटेच निखाऱ्यावर धरावे. काळा झालेला भाग काढून टाकावा. शेगडी नेहमी अंगणात पेटवावी. बंद खोलीत कोळशाच्या धुरातील विषारी वायूने झोपेतच प्राण गेल्याच्या घटना दर हिवाळ्यात घडतात.

४) ओव्हनमध्ये : ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी तो १८० अंशांवर आधी तापवून सॉसेज २५ ते ३० मिनिटे ठेवावे व मध्ये एकदा उलटावे. तेल जवळजवळ लागत नाही आणि सुटलेली चरबी ताटलीत खाली राहते. ती टाकून द्यावी.

५) चोरीससाठी : आवरण काढून आतील मांस मोकळे करावे. तेल न घालता थोडे पाणी घालून मंद आचेवर ठेवावे. मग कांदा व बटाट्याच्या फोडी घालून झाकून अर्धा तास शिजवावे. त्यात मुळातच भरपूर मीठ असते, म्हणून वरून घालू नये. बटाट्यामुळे खारटपणा विभागला जातो आणि थोडे चोरीस अनेकांना पुरते. गोव्यात ते पावाबरोबर खातात. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीबरोबरही छान लागते.

घरचे, आवरणाशिवायचे

डुकराचे मांस न खाणाऱ्यांना हीच चव घरी साधता येते. एक किलो ताजा कोंबडीचा किंवा मटणाचा खिमा घ्यावा. त्यात तीन सपाट चहाचे चमचे मीठ, दोन चमचे जाड कुटलेली मिरी, एक चमचा शहाजिरे, पाव जायफळ किसून आणि मिळाल्यास वाळलेल्या मरव्याची पाने घालावीत. अर्धी वाटी गार पाणी घालून मिश्रण चिकट होईपर्यंत मळावे. ओल्या हाताने अंगठ्याएवढ्या जाडीच्या वळकट्या करून तेल लावलेल्या इडलीपात्रात किंवा मोदकपात्रात २० मिनिटे वाफवाव्यात. मग तव्यावर परताव्यात. कच्चे मिश्रण चाखू नये. मिठाचा अंदाज घ्यायचा तर छोटी गोळी तव्यावर पूर्ण शिजवून पाहावी.

कच्च्याची किंमत

सॉसेजचा एका भयंकर आजाराशी नावापासूनचा संबंध आहे. १७९३ साली जर्मनीच्या व्युर्टेम्बर्ग प्रांतात विल्डबाड येथे रक्त भरलेले सॉसेज खाऊन १३ जण आजारी पडले, त्यांतील ६ जण मरण पावले. पुढे युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने १८२०च्या सुमारास अशा अनेक रोग्यांची निरीक्षणे नोंदवून या 'सॉसेजच्या विषा'चे वर्णन केले. लॅटिनमध्ये सॉसेजला 'बोटुलस' म्हणतात, त्यावरूनच या विषबाधेला 'बोट्युलिझम' हे नाव पडले. तिचा जंतू हवा नसलेल्या जागी वाढतो. भरलेले आतडे, डबाबंद अन्न, हवा काढून घेतलेले पाकीट ही त्याची सोयीची ठिकाणे. त्याचे विष उकळल्याने नष्ट होते, पण बीजाणू टिकून राहतात. म्हणून फुगलेले पाकीट किंवा डबा उघडून वास घेत बसू नये, सरळ टाकून द्यावा.

डुकराच्या कच्च्या मांसातून पट्टकृमी होतो हे अनेकांना ठाऊक आहे. पुढची साखळी मात्र कमी लोकांना माहीत असते. ज्याच्या पोटात हा कृमी असतो त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. न धुतलेल्या हातांतून, उघड्यावरच्या घाणीतून, कच्च्या भाजीतून ती दुसऱ्याच्या पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात. आपल्या देशात फेफऱ्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे आणि कधीही मांस न खाणाऱ्यालाही ते होऊ शकते. म्हणजे एका घरात कच्चे राहिलेले मांस शेजारच्या शाकाहारी घरातील मुलालाही भोवू शकते. नीट शिजवणे, शौचालय वापरणे आणि साबणाने हात धुणे या तीन गोष्टींनी ही साखळी तुटते.

फ्रीज आणि गेलेली वीज

५ ते ६० अंश या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. कच्चे किंवा शिजवलेले मांस दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर एका तासापेक्षा जास्त नको. शहरातून पाकीट आणायचे तर बर्फ घातलेल्या डब्यातून आणावे. एसटीत पाच-सहा तास पिशवीत राहिलेले, मऊ पडलेले सॉसेज पुन्हा गोठवून काही साधत नाही.

वीज गेल्यावर दार न उघडल्यास फ्रीजमधील थंडावा सुमारे चार तास टिकतो. गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास तग धरतो. त्याहून अधिक वेळ वीज नसेल तर फ्रीजमधले कच्चे मांस वापरू नये. गोठवलेले सॉसेज ओट्यावर न ठेवता रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवून मोकळे होऊ द्यावे. कच्चे सॉसेज फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच ठेवावे. मांसाची सुरी आणि पाट वेगळे असावेत, नाहीतर कोशिंबिरीची कांदा-काकडी आधी चिरून घ्यावी.

किती खावे?

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते. शंभर ग्रॅमच्या एका सॉसेजमध्येच दीड ते दोन ग्रॅम मीठ असते. त्यामुळे रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी ते टाळलेलेच बरे. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली खारवलेल्या, धुरावलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला. रोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असे आढळले. सणासुदीला एखादे खाल्ल्याने घाबरण्याचे कारण नाही, मात्र मुलांच्या रोजच्या डब्यात सॉसेज देण्याची सवय लावू नये. गरोदर स्त्रियांनी पाकिटातले सॉसेज थंड मुळीच खाऊ नये.

खाल्ल्यानंतर उलट्या-जुलाब सुरू झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचे एक पाकीट विरघळवून थोडे थोडे पाजावे. शौचातून रक्त, जोराचा ताप, लहान मुलाची लघवी बंद होणे यांपैकी काही दिसल्यास दवाखान्यात न्यावे. पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, गिळता किंवा बोलता न येणे ही बोट्युलिझमची लक्षणे असू शकतात. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता मोठे रुग्णालय गाठावे.

लक्षात ठेवा

* पाकीट घेताना कच्चे की शिजवलेले ते वाचा. फुगलेले पाकीट टाकून द्या.
* कच्चे सॉसेज आधी पाण्यात १५ ते २० मिनिटे शिजवा, मग परता किंवा भाजा.
* मध्यभाग मटण-डुकरासाठी ७१ आणि कोंबडीसाठी ७४ अंश तापला पाहिजे.
* उन्हाळ्यात मांस एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.
* शेगडी घराबाहेर पेटवा, करपलेला भाग खाऊ नका.
* सॉसेज कधीमधी खाण्याचा पदार्थ आहे, रोजचा नव्हे.