आधी केसपेपर, मग पुणं

घर शिरूरला, बहीण दौंड तालुक्यात दिलेली. दोन्हीकडे कुणी आजारी पडलं की फोन मला येतो, कारण मला फाईल वाचता येते आणि काउंटरवर भांडताही येतं. त्यातून हाती लागलेलं हे.

१. ‘पुण्याला एकदा दाखवून येऊ’ हे सगळ्यात महागात पडतं. त्यात डॉक्टरची फी किरकोळ. गाडीभाडं, सोबत्यांचा खाडा, वाघोलीची कोंडी, आणि सगळ्या तपासण्या पुन्हा नव्यानं. शिरूरच्या ग्रामीण आणि दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत उपचार मोफत झालेत. रांग असते, हे खरं. पण ताप-खोकला, बीपी-शुगर इथूनच सुरू करावं. पुढं जायची गरज आहे का, ते तिथंच कळतं.

२. सलाईन. रांजणगावची कंपनी असो की उसाचा फड, मागणी एकच: ‘एक बाटली चढवा, उद्या कामावर जायचंय.’ पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. दोन-तीन कप गोड चहात तेवढी जाते! ज्याच्या पोटात पाणी ठरतंय, त्याला बहुतेक वेळा ओआरएसचं पाकीट पुरतं. डॉक्टरला हे ठाऊक असतं. बाटली न लावता पाठवला तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो, हेही ठाऊक असतं. म्हणून मी एकट्या डॉक्टरला बोल लावत नाही. ‘काही नाही झालेलं, घरी जा’ म्हणणाऱ्याला मात्र दुप्पट फी द्यायला हवी, असं माझं मत.

३. ‘पिशवी काढून टाका’ असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. आपल्या भागात ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्यांत बीडच्या बायका असतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जे आलं ते भयंकर होतं: बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. पाळीत खाडा नको, मुकादमाची उचल फिटायची, आणि वर कॅन्सरची भीती घातलेली.

४. काटकसर कुठं करायची नाही, तेही सांगतो. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, साप चावणं: लगेच १०८. घोणस चावली तर मांत्रिक नको आणि थेट पुणंही नको; सापाच्या विषावरची लस जवळच्या सरकारी रुग्णालयात आधी मिळते. रस्त्यात गेलेला तास परत मिळत नाही.

५. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एका पिशवीत तयार ठेवावा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेला आता पांढरं कार्डही चालतं, मात्र आरोग्यमित्राला भरती होतानाच गाठायचं. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत. तिथं १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगत नाही. ॲडव्हान्स भरण्याआधी समाजसेवा विभागाची खोली विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही.