‘अवेकन’मधला ऑर्गन खरा की यंत्रातला?

प्रश्न : ‘येस’ या ब्रिटिश बँडचं ‘अवेकन’ ऐकलं. त्यात चर्चमधल्यासारखा ऑर्गन वाजतो, मागे गायकवृंद गातो. हे सगळं कीबोर्डवर काढलेलं असतं का? शिवाय माझा भाऊ म्हणतो, हे प्रेमगीत आहे. मला ती प्रार्थना वाटली. बरोबर कोण?

उत्तर : शंका रास्त आहे, कारण त्या काळी प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये अशी हातचलाखी सर्रास चालायची. मेलोट्रॉन नावाचं वाद्य होतं. त्याच्या लोकप्रिय मॉडेलला 35 पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीमागे टेपचा एक तुकडा. पट्टी दाबली की आधी मुद्रित केलेला व्हायोलिनचा नाहीतर कोरसचा सूर वाजणार, तोही जेमतेम आठ सेकंद. टेप संपली की सूर गप्प!

‘अवेकन’मध्ये मात्र दोन्ही अस्सल. 1977 च्या ‘गोइंग फॉर द वन’ या अल्बमसाठी बँडने स्वित्झर्लंडमध्ये माँट्रोच्या माउंटन स्टुडिओत मुक्काम ठोकला होता. तिथून सहा-सात किलोमीटरवर, जिनिव्हा सरोवराच्याच काठी, वेवे हे गाव आहे. तिथल्या सेंट मार्टिन चर्चचा ऑर्गन बँडचा कीबोर्डवादक रिक वेकमन याने वाजवला. असा ऑर्गन इमारतीतच बांधलेला असतो, तो उचलून स्टुडिओत कोण आणणार? म्हणून आवाजच टेलिफोनच्या तारेवरून स्टुडिओत आणला.

टेलिफोन म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. साध्या फोनवर 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो आणि ऑर्गनची सोळा फुटी नळी तर 33 हर्ट्‌झच्या आसपास घुमते. त्या फोनवर तिचा नुसता खरखराट उरला असता. म्हणून उच्च दर्जाच्या खास लाइन वापरल्या. याच अल्बममधल्या ‘पॅरलल्स’साठी वेकमन चर्चमध्ये आणि बाकीचे स्टुडिओत, असे एकाच वेळी वाजवत होते. हे काम वाटतं त्याहून अवघड आहे. तार उशीर करत नाही, ऑर्गन करतो. पट्टी दाबल्यावर नळीत हवा शिरून तिला कंठ फुटायला क्षणभर लागतो, त्यात दगडी भिंतींचा घुमारा. अशा वेळी कानावर विसंबलं की ताल हुकलाच. बोटं किंचित आधी पडावी लागतात.

गायकवृंदही हाडामासाचा. श्रेयनामावलीत लोझानच्या ‘आर्स लेटा’चं आणि ‘रिचर्ड विल्यम्स सिंगर्स’चं नाव आहे. बँडला ही भाषा परकी नव्हती : बास वाजवणारा ख्रिस स्क्वायर लहानपणी लंडनमध्ये चर्चच्या गायकवृंदात गायचा.

राहिला तुमचा आणि भावाचा वाद. गायक जॉन अँडरसन त्या सुमारास कॅल्विन मिलरचं ‘द सिंगर’ वाचत होता. येशूची कथा एका गायकाच्या रूपात सांगणारं हे काव्य. तेव्हा पारडं तुमच्याकडे झुकतं. मधला संथ भाग, जिथे अँडरसनची हार्प आणि ऑर्गन हलकेच एकमेकांत मिसळतात आणि मग गायकवृंद चढत जातो, तो निखळ प्रार्थनेचाच आहे. पण सगळा गजर ओसरल्यावरचा शेवट ऐका. तिथे आवाज एकदम जवळ येतो, कुणा एकाशी बोलतो. तेवढ्यापुरता भाऊ बरोबर.

एक विनंती : पंधरा मिनिटांचं हे गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. ऑर्गनचे खालचे सूर त्यातून बाहेर पडतच नाहीत.