कळकाचे काटे

‘बनशंकरी’ म्हणजे वनाची देवी. बेंगळुरूच्या दक्षिणेकडील एक मोठी वसाहत याच देवीच्या नावाने ओळखली जाते. त्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेचे एक संशोधन वनाशी आणि वनाजवळ राहणाऱ्या माणसांशी निगडित आहे.

१९७५ च्या सुमारास कर्नाटकातील बुरूड कारागिरांनी शासनाकडे गाऱ्हाणे मांडले. टोपल्या विणून त्यांचा संसार चाले; पण बांबूच मिळेनासा झाला होता. कागद कारखान्यांना मात्र तो अत्यल्प दरात दिला जात होता. या प्रश्नाचा अभ्यास शासनाने संस्थेतील परिसरशास्त्रज्ञ, मूळचे पुण्याचे माधव गाडगीळ यांच्याकडे सोपवला.

कळक हा उष्ण प्रदेशातील काटेरी बांबू. त्याच्या बेटाच्या बुंध्याशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. ते काढल्यास कोंब जोमाने वाढतात, अशा समजुतीने वनविभाग ते साफ करीत असे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील ग्रामस्थांनी संशोधकांना वेगळेच सांगितले. काटे गेले, की कोवळे कोंब गुरे आणि रानातील जनावरे खाऊन टाकतात, असे त्यांचे म्हणणे होते. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रत्यक्ष निरीक्षणांनी तपासले आणि ते खरे ठरले.

ग्रामस्थांचे ज्ञान अनुभवातून आले होते. संशोधकांनी त्याला पडताळणीची जोड दिली. शाळेबाहेर मिळवलेले ज्ञान हेही ज्ञानच असते. मात्र तेही तपासून घ्यावे लागते.

विचार करा : तुमच्या कामातून तुम्हांला उमगलेली अशी एखादी गोष्ट कोणती? ती खरी आहे, हे इतरांना कसे पटवून द्याल?