ट्रॅक्टरच्या क्रँकशाफ्टची निगा

मुंबईच्या उपनगरातील कांदिवलीचे नाव राज्यातील अनेक शेतकऱ्यांना ट्रॅक्टरमुळे ठाऊक आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचे 'बी-२७५' ट्रॅक्टर येथेच तयार झाले. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. ट्रॅक्टर कोणत्याही मेकचा असो वा दारातली मोटार असो, इंजिनाचा कणा एकच, तो म्हणजे क्रँकशाफ्ट. ऐन चिखलणीत तो निकामी झाला तर काम थांबते आणि खर्चही मोठा येतो. म्हणून त्याची माहिती असणे आवश्यक आहे.

रचना व कार्य
सिलिंडरमध्ये डिझेल जळले की पिस्टन खाली ढकलला जातो. कनेक्टिंग रॉड हा जोर क्रँकशाफ्टच्या बाकदार भागाला देतो व वर-खाली गतीचे फिरत्या गतीत रूपांतर होते. सायकलचे पायडल मारताना गुडघा वर-खाली होतो आणि दातेरी चाक फिरते, तसेच हे आहे. चार स्ट्रोक इंजिनात शाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरचा एकच शक्तीचा ठोका मिळतो. मिनिटाला १५०० फेरे असतील तर चार सिलिंडरचे मिळून ३००० ठोके शाफ्टवर बसतात. एवढा मार सोसताना शाफ्ट व बेअरिंग यांच्यामध्ये असतो फक्त तेलाचा पातळ थर. तो थर तुटला की धातूवर धातू घासतो.

लक्षणे व कारणे
१) गरम इंजिनात ऑइल प्रेशर कमी दाखवणे : तेल कमी वा पातळ झालेले, पंप खराब किंवा बेअरिंग झिजलेले.
२) भार येताच खोल 'ठक-ठक' आवाज : मेन किंवा बिग-एंड बेअरिंग सैल.
३) तेल दुधाळ दिसणे : तेलात पाणी शिरले आहे. इंजिन चालवू नये.
४) क्लच सरकणे व त्याच्या घरातून तेल गळणे : मागील ऑइल सील खराब. सील बदलण्यापूर्वी ब्रीदर तुंबला आहे का, ते पाहावे.

प्रेशर एकदम उतरले किंवा ठोका ऐकू आला, तर 'एवढे वावर उरकू' असे न म्हणता इंजिन ताबडतोब बंद करावे. वेळीच थांबल्यास बहुधा बेअरिंगवर भागते. शाफ्टला ओरखडे पडले असल्यास ते ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मि.मी. अंडरसाइज बेअरिंग बसवता येतात. तडा गेलेला शाफ्ट मात्र बदलावाच लागतो.

घ्यावयाची काळजी
रोज सकाळी सपाट जागी, इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिकवर तेलाची पातळी पाहावी. पुस्तिकेत दिलेल्या तासांनी तेल व फिल्टर एकाच वेळी बदलावे. थंड इंजिन सुरू होताच रेस करू नये. वरच्या गिअरमध्ये इंजिन दबवून ओढू नये. डिपस्टिक पाहण्यास दोन मिनिटे पुरतात; ती वाचवू नयेत.